भिंतीआडचें बंदर

मुंबई पाहावयास आलेला प्रवासी गेटवेपाशीं घटकाभर उभा राहतो आणि बंदर पाहिलें असें समजून परततो. तोच जर व्हॅनमध्यें बसून कुलाब्याच्या ससून गोदीपासून उत्तरेस भाऊच्या धक्क्यापर्यंत गेला, तर या शहराचा दर्यावर्दी इतिहास अर्ध्या प्रहरांत त्याच्या उजव्या हातास येतो. मात्र त्याला दिसतात त्या बहुतेक भिंती.

ससून गोदी १८७५ सालची. कापसाच्या व्यापारासाठीं ती झाली. आज तेथें मासळी उतरते.

पुढें लायन गेट लागतें. आंत नौदलाची गोदी असल्यामुळें व्हॅन तेथें थांबूं शकत नाहीं. परंतु थांबावें असें ठिकाण हेंच. १७३६ सालीं लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर कंपनी सरकारच्या बोलावण्यावरून सुरतेहून येथें आले, आणि १७५० सालीं सुकी गोदी बांधून झाली. पुढें इंग्लंडांत ओकाचा तुटवडा पडला, तेव्हां राज्यकर्त्यांची दृष्टि मलबारच्या सागाकडे वळली. साग तेलकट, ओकांत लोखंडी खिळा गंजतो तसा सागांत गंजत नाहीं. जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं १८१० सालीं ‘मिंडेन’, १८१३ सालीं ‘कॉर्नवॉलिस’ व १८१७ सालीं ‘ट्रिंकोमाली’ हीं लढाऊ जहाजें येथून पाण्यांत सोडलीं. त्यांतील शेवटचें आजहि इंग्लंडांतील हार्टलपूल येथें तरंगत आहे.

‘कॉर्नवॉलिस’ची गोष्ट मात्र अभिमानानें सांगावी कीं नाहीं, असा प्रश्न पडतो. १८४२ सालीं पराभूत चीननें नानकिंगच्या तहावर सही केली ती याच जहाजावर. ज्या अफूपायीं तें युद्ध पेटलें, तिचा बराच भाग माळव्यांतून मुंबईमार्गेंच जात असे. लांकूड मलबारचें, हात मुंबईचे, माल माळव्याचा; राज्य तेवढें परक्याचें.

बॅलार्ड पियर मागें पडल्यावर कर्नाक बंदर, मस्जिद बंदर अशीं नांवें कानीं येतात. जवळच मांडवी, म्हणजे जकात घेण्याची जागा. पाणी मात्र कोठेंच नाहीं! १८६० नंतरच्या भरावांनीं किनारा पूर्वेस ढकलला. नांवें तेवढीं जागच्या जागीं राहिलीं. १८७३ सालीं पोर्ट ट्रस्ट निघाला, १८८० सालीं प्रिन्सेस गोदी व १८८८ सालीं व्हिक्टोरिया गोदी खुली झाली.

याच व्हिक्टोरिया गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजास आग लागली. एकाच जहाजांत कापूस आणि दारूगोळा भरण्याची बेपर्वाई युद्धाच्या घाईनें झांकली जात नाहीं. दोन स्फोटांत शेंकडों माणसें दगावलीं. जहाजावरील सोन्याच्या विटा दूरवर उडाल्या आणि शहरभर त्यांच्याच कथा झाल्या; आग विझवावयास गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान परत आले नाहींत, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

१९८९ सालीं समोरच्या किनाऱ्यावर न्हावाशेवा बंदर सुरू झालें आणि मोठा माल तिकडे गेला. भाऊच्या धक्क्यावर भिंत संपते. तेथून मोरा आणि रेवस या बंदरांकडे लाँच सुटतात. व्हॅनमधून उतरल्यावर पाणी दिसतें तें येथेंच.