‘तुर्की जिरेनियम’ आणि खानदेशचे रोशा तेल

एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बाजारात ‘तुर्की जिरेनियम तेल’ या नावाने विकले जाणारे द्रव्य तुर्कस्तानात तयार होत नव्हते. जिरेनियमशीही त्याचा संबंध नव्हता. ते खानदेशातील रोशा गवताचे तेल होय. या नामभ्रमाचे कारण वनस्पतिशास्त्रात नसून मुंबई बंदराच्या व्यापारात आहे.

पावसाळा सरता सरता गवत फुलोऱ्यास आले, की ते कापून ओढ्याकाठच्या भट्टीवर त्याचे ऊर्ध्वपातन करीत. हे तेल मुंबईस येई व तांबड्या समुद्रातील बंदरांच्या मार्गे कॉन्स्टँटिनोपलला पोहोचे. तेथे ते लिंबाचा रस मिसळलेल्या पाण्याबरोबर घुसळून उन्हात ठेवीत. रंग फिका पडून वास मृदू झाला, की ते कझानलिकच्या गुलाबी अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. कधी ऊर्ध्वपातनापूर्वीच पाकळ्यांवर शिंपडले जाई. निव्वळ गुलाबतेल थंडीत गोठू लागते, भेसळीचे लवकर गोठत नाही, एवढीच काय ती व्यवहारातील परीक्षा.

ही भेसळ इतकी बेमालूम का ठरावी? याचे उत्तर रसायनशास्त्राने दिले. 1871 मध्ये याकोबसेन याने याच तेलातून जिरॅनिऑल हे अल्कोहोल वेगळे केले. निर्जल कॅल्शियम क्लोराइडशी त्याचे स्फटिकरूप संयुग बनते, हा गुण त्या कामी उपयोगी पडला. गुलाबतेलातही जिरॅनिऑल असतेच. तेव्हा भेसळ करणाऱ्याच्या नाकाने जे आधीच ओळखले होते, त्यासच प्रयोगशाळेने नाव व सूत्र दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

रोशाचे ‘मोतिया’ व ‘सोफिया’ असे दोन प्रकार आहेत. दिसण्यात ते जवळजवळ सारखेच. मात्र मोतिया कोरड्या उतारांवर विखुरलेला, तर सोफिया सखल, ओलसर जागी दाट वाढतो. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑलचे प्रमाण बहुधा 75 ते 95 टक्के असते. सोफियाच्या तेलात ते पुष्कळच कमी. गवत तोडणाऱ्यास हा भेद ठाऊक होता, परंतु युरोपातील जुन्या लेखनात दोन्ही तेलांच्या नावांचा गोंधळ आढळतो. मुंबईत राहून औषधी द्रव्यांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम डायमॉक याने वॉर्डन व हूपर यांच्यासह रचलेला ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ (1890–93) हा ग्रंथ म्हणूनच या विषयाच्या अभ्यासकास अपरिहार्य ठरतो. जुन्या भावपत्रकांत ‘तुर्की’ असे आढळले, तर तेथे बहुधा खानदेश वाचावयाचा.