तिसऱ्याचा परवाना

ठाणें, कल्याण वा डोंबिवली येथील एखादा गृहस्थ सकाळीं वृत्तपत्राचें संकेतस्थळ उघडतो. पान पुरतें उमटलेलेंही नसतें, तोंच कोपऱ्यांत एक चौकट उभी राहते आणि गूगलच्या खात्यानें प्रवेश करावयास सुचविते. त्याला हवी असते बातमी. चौकट मागते त्याची ओळख. मागणारा ना त्या पानाचा धनी, ना वाचकानें बोलाविलेला पाहुणा. दोघांच्या व्यवहारांत तिसऱ्यानें असें दारांत उभें राहणें या खाडीस मात्र नवें नाहीं.

कल्याण हें उल्हास नदीवरील पुरातन बंदर. तेथील गलबतास समुद्र गांठावयाचा, तर ठाण्यावरून किंवा वसईवरूनच गेलें पाहिजे. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई व तिच्या भोंवतालचा मुलूख पोर्तुगीजांस दिला, आणि या दोन्ही वाटा त्यांच्या हातीं गेल्या. त्यांच्या परवान्यास 'कार्ताज' म्हणत. त्या कागदाची किंमत थोडी. पण त्यांत तांडेलाचें नांव, गलबतावरील शस्त्रें आणि जाण्याचें ठिकाण नोंदवावें लागे, शिवाय पोर्तुगीजांच्या बंदरांत जकात भरावी लागे. कार्ताज नसलें कीं गलबत मालासकट जप्त. माल एकाचा, बंदर दुसऱ्याचें, आणि परवानगी तिसऱ्याची!

शिवाजी महाराजांनीं १६५७ सालीं कल्याण-भिवंडी घेऊन तेथें गलबतें बांधावयास आरंभ केला. हीं गलबतें बंदराबाहेर पडूं देऊं नयेत, अशी ताकीद १६५९ सालच्या पोर्तुगीज पत्रव्यवहारांत आढळते. पुढें १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, तेव्हां ही चौकी उठली.

आजच्या चौकटीमागें तोफा नाहींत. फुलीवर बोट ठेवतांच ती दूर होते. तिचा उगमही सोयींतूनच झाला. प्रत्येक स्थळास निराळा संकेतशब्द कोण लक्षांत ठेवणार? म्हणून २००५ सालीं 'ओपन-आयडी' आणि २००८ सालीं 'फेसबुक कनेक्ट' निघालें. एकाच ओळखीनें अनेक दारें उघडूं लागलीं, आणि मूळ संकेतशब्द त्या स्थळांस कळेनासा झाला. हा लाभ खराच.

परंतु सोय मागितल्यावर द्यावयाची असते. चौकटीचा मजकूर गूगलच्याच यंत्रावरून येतो. म्हणजे वाचकानें होकार देण्यापूर्वींच त्या पानाच्या उघडण्याची वर्दी तिकडे पोंचते. होकार दिला, कीं नांव, छायाचित्र व ई-मेलचा पत्ता त्या स्थळाच्या हातीं जातो. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें संमति मोकळ्या मनाची, समजून दिलेली व निःसंदिग्ध असावी असें म्हटलें आहे. घाईंत चुकून लागलेलें बोट ही तशी संमति कशी मानावी?

गूगलच्या खात्यांतील सुरक्षा विभागांत ही सूचना बंद करण्याची सोय आहे. कल्याणच्या तांडेलास असा पर्याय नव्हता. आजच्या गृहस्थास आहे. त्यानें तो एकदां तरी उघडून पाहावा.