कमला सोहोनी यांचे संशोधन आणि पेशींतील ऊर्जेचा प्रवास

पोत्यात पडून असलेला बटाटाही श्वसन करीत असतो. त्याच्या पेशी ऑक्सिजन घेतात आणि साठवलेल्या पिष्टातील साखर वापरून कार्बन डायऑक्साइड सोडतात. हे श्वसन प्राण्यांच्या पेशींसारखेच चालते, याचा महत्त्वाचा पुरावा १९३० च्या दशकाच्या अखेरीस केंब्रिज विद्यापीठात कमला भागवत, म्हणजेच नंतरच्या कमला सोहोनी, यांनी बटाट्यावर काम करताना मिळवला. वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम सी हे प्रथिन असल्याचे त्यांनी दाखविले.

डब्यातील साखरेभोवती ऑक्सिजन असूनही ती आपोआप जळत नाही. अभिक्रिया सुरू होण्यासाठी ऊर्जेचा एक अडथळा ओलांडावा लागतो. पेशीत हा अडथळा विकरे, म्हणजेच एन्झाइम, कमी करतात. बहुतेक विकरे प्रथिने असतात. त्यांच्या घडीतील विशिष्ट खाचेत ठरावीक रेणू बसतो, त्यात बदल होतो आणि विकर पुढच्या रेणूसाठी मोकळे होते. विकरे ऊर्जा पुरवतात, हा समज मात्र चुकीचा आहे. ती केवळ अभिक्रियेचा वेग वाढवतात. बटाट्याच्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यास येणारा फेस हे कॅटलेज या विकराचे काम होय.

ऊर्जा येते ती अन्नातून. ग्लुकोजचे टप्प्याटप्प्याने विघटन होताना सुटलेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतील पटलावर एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात. लोहयुक्त सायटोक्रोम सी या साखळीच्या शेवटाजवळ असते. अनेक ठिकाणी त्याला विकर म्हटले जाते. काटेकोरपणे पाहता ते इलेक्ट्रॉनवाहक आहे. त्याने आणलेले इलेक्ट्रॉन सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर ऑक्सिजनला देते आणि पाणी तयार होते. सायनाइड नेमका हाच टप्पा रोखते. त्यामुळे रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही.

या प्रवासात सुटणाऱ्या ऊर्जेवर हायड्रोजन आयन पटलापलीकडे ढकलले जातात. धरणाच्या पाण्याने जनित्र फिरावे, तसे परतणारे आयन एक विकर फिरवतात आणि पेशीचे ऊर्जा-चलन असलेले एटीपी तयार होते. पीटर मिचेल यांनी ही संकल्पना १९६१ मध्ये मांडली. त्यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एका ग्लुकोज रेणूपासून सुमारे ३० एटीपी मिळतात. उरलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो.

सोहोनी यांचा प्रयोगशाळेपर्यंतचा मार्ग सोपा नव्हता. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी परीक्षेत १९३३ मध्ये प्रथम येऊनही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक सर सी. व्ही. रामन यांनी, त्या महिला असल्याने, प्रवेश नाकारला. त्या ठाम राहिल्या. अखेर एका वर्षाच्या परिवीक्षेच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. पुढे केंब्रिजमध्ये फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात, रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी बटाट्यावरील संशोधन केले आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. विज्ञान विषयात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचा उल्लेख होतो. प्रबंध अवघ्या ४० पानांच्या आसपास होता.

मायदेशी परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा आणि कडधान्यांचा अभ्यास केला. कच्च्या कडधान्यांत प्रथिने पचविणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला रोखणारे घटक असतात. डाळ नीट शिजवली की त्यांचा प्रभाव बराच कमी होतो.