पाण्याला सूर उशिरा सापडला

8 ऑक्टोबर 1988 ची रात्र. बार्सिलोनातल्या मोंजुइक टेकडीच्या पायथ्याशी, कारंज्यांच्या आवारात बांधलेल्या रंगमंचावर दोन गायक आले. एक त्याच शहरात जन्मलेली ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये. दुसरा ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजेच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि तिथेच शाळासोबत्यांबरोबर आयुष्यातला पहिला बँड काढलेला फर्रुख बलसारा. सोलचं ऑलिंपिक आठवड्यापूर्वीच संपलं होतं, ऑलिंपिकचा ध्वज आता बार्सिलोनाच्या हाती आला होता आणि त्याच्या स्वागताला स्पेनचे राजाराणी हजर होते. दोन्ही गायकांनी ‘बार्सिलोना’ हे गाणं सादर केलं. आवाज आधीच मुद्रित केलेला होता, मंचावर फक्त ओठ जुळवले होते. तरीही ती रात्र शहराच्या आठवणीत पक्की बसली, कारण मर्क्युरी त्यानंतर पुन्हा असा रंगमंचावर उभा राहिला नाही. 1991 च्या नोव्हेंबरात तो गेला. 1992 चं ऑलिंपिक त्याला पाहायला मिळालं नाही.

हे गाणं जिथे झालं तिथलं कारंजं तोवर साठीला आलं होतं. संगीताशी त्याची गाठ मात्र नुकतीच पडली होती.

पाणी आणि संगीत एकत्र आणण्याची हौस जुनी आहे, पण ती राजेलोकांची. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या व्हर्सायच्या बागेत शेकडो कारंजी होती आणि दरबारी सोहळ्यांना ल्युली या संगीतकाराचं संगीत होतं. अडचण होती ती पाण्याची. सगळी कारंजी एकदम चालवण्याइतकं पाणी तिथे कधीच पुरलं नाही. मग कारंजेवाले शिटी वाजवून एकमेकांना इशारा देत. राजाची स्वारी ज्या वळणावर येईल तिथली तोटी उघडायची, स्वारी पुढे गेली की बंद करायची. ती बाग एका माणसाच्या चालीवर उडायची. मोंजुइकचं कारंजं उघड्या रस्त्यावर, तिकिटाशिवाय, येईल त्याच्यासाठी उडतं. मात्र ते उभं राहिलं ते कुणाला तरी हटवून.

तिथे आधी चार खांब होते. जुझेप पुच इ कदाफाल्क या वास्तुरचनाकाराने 1919 मध्ये उभारलेले, वीस मीटर उंचीचे, डोक्यावर ग्रीक धर्तीची वेटोळी नक्षी. त्यांच्यावर छत नव्हतं, आत मूर्तीही नव्हती. चार खांब म्हणजे कातालोनियाच्या झेंड्यावरचे चार लाल पट्टे, हे तिथल्या पोरासोरांनाही कळत होतं. पुढे स्पेनमध्ये प्रिमो दे रिव्हेराची हुकूमशाही आली. 1929 चं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन याच टेकडीवर भरणार होतं. जगभरचे पाहुणे येणार, त्यांच्या डोळ्यांसमोर ही कातालान खूण नको, म्हणून 1928 मध्ये ते खांब पाडण्यात आले.

त्या मोकळ्या झालेल्या जागेसाठी कार्लेस बुइगास या तिशीतल्या अभियंत्याने कारंज्याचा आराखडा दिला. घर नावाजलेलं. बंदराजवळ कोलंबसाचा जो उंच स्तंभ आहे, तो त्याच्या वडिलांनी, गाएता बुइगास यांनी रचलेला. मुलाचा आराखडा पाहून अनेकांनी मान हलवली: प्रदर्शनाला वर्षही उरलेलं नाही, एवढा पसारा होणार कसा? तीन हजारांहून अधिक कामगार लावले गेले आणि तो झाला. 19 मे 1929 रोजी, प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या दिवशी, कारंजं पहिल्यांदा लोकांसमोर उडालं.

ज्यांनी ते दिवसाउजेडी पाहिलं असेल त्यांना त्यात विशेष काही वाटलं नसेल. एकात एक बसवलेली लंबगोल कुंडं, कडेला ओला दगड. खरं काम जमिनीखाली आहे. वर दिसतं त्याच्या पोटात पंप, नळ, झडपा आणि दिव्यांचं जाळं आहे. बुइगासची करामत अशी की त्याने उजेड पाण्यावर बाहेरून टाकला नाही, तो खालून, रंगीत काचांमधून पाण्यातच सोडला. त्यामुळे धार उजळलेली दिसत नाही, धारच पेटल्यासारखी दिसते. तीन हजार सहाशेच्या वर तोट्या आणि सेकंदाला सुमारे 2,600 लिटर पाणी, तेच तेच खाली येऊन पुन्हा वर जाणारं. कधी उंच सुळका, कधी अंगणात सडा टाकावा तसा नुसता तुषार. तुषाराची वेळ सर्वांत सुंदर. पाण्याला आकार उरत नाही, नुसता रंग तरंगत राहतो आणि वाऱ्याची दिशा बदलली की पुढच्या रांगेतले लोक हसत मागे सरतात.

या सगळ्यात 1929 साली ठरलेली अशी गाण्याची साथ नव्हती. पाण्याचा स्वतःचा आवाज, तेवढाच.

पुढे 1936 ते 39 चं यादवी युद्ध आलं. त्यात कारंज्याचे बरेच भाग मोडले, काही नाहीसे झाले. ते पुन्हा उडायला 1955 साल उजाडलं. राज्य तेव्हा हुकूमशहा फ्रँकोचं होतं आणि कातालान भाषेला शाळा-कचेऱ्यांतून हाकललेलं होतं. संगीत कारंज्याला जोडलं गेलं ते थेट 1980 च्या दशकात, हुकूमशाही संपल्यावर. बुइगास 1979 मध्येच वारला होता. ज्याने ते वाद्य घडवलं, त्याच्या हयातीत त्यावर मैफल बसली नाही, ही गोष्ट मनाला लागते.

पण मग या शहराच्या चौकात त्याआधी संगीत नव्हतं का? होतं, आणि ते ऐकायला कॅथेड्रलसमोरच्या चौकात जायला हवं. रविवारी तिथे सार्दाना हा कातालान रिंगणनाच नाचतात. पायऱ्यांवर ‘कोब्ला’ नावाचा ताफा बसतो: माणसं अकरा, वाद्यं बारा. हा एकाचा फरक पडतो तो पहिल्या खुर्चीवरच्या वादकामुळे. त्याच्या डाव्या हातात ‘फ्लाबिओल’ नावाची वीतभर बासरी असते, त्याच हाताला कोपराजवळ छोटंसं ढोलकं बांधलेलं असतं आणि उजव्या हातातल्या काडीने तो त्यावर ठेका धरतो. त्याने चार सूर काढून ढोलकं टिचकलं की नाच सुरू. मग ‘तेनोरा’ उठते. दुहेरी पत्तीचं लांब वाद्य ते, आपल्या सनईच्या कुळातलं, आणि सनईचौघड्यावर वाढलेल्या कानाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. सार्दानाला आजचं रूप देण्यात मोठा वाटा असलेला पेप व्हेंतुरा जन्माने अंदालुसियाचा, म्हणजे त्या लोकांच्या लेखी परप्रांतीय. हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

नाचणारी माणसं चौकातलीच. पिशव्या, कोट, छत्र्या मध्ये जमिनीवर ढीग करून ठेवतात आणि त्याभोवती हात धरून रिंगण करतात. अनोळखी माणूसही मध्ये शिरू शकतो. पथ्य एकच, पुरुष आणि त्याच्या उजव्या हाताची जोडीदारीण यांच्यामध्ये घुसायचं नाही. पावलं मोजून टाकायची असतात, म्हणून चेहऱ्यांवर हिशेब चाललेला दिसतो. म्हातारी माणसं बिनचूक असतात.

मोंजुइकवर माणसं पाहतात, कॅथेड्रलपुढे माणसं करतात. शहराला दोन्हींची गरज पडली. दर सप्टेंबरात मेर्से या ग्रामदेवतेच्या उत्सवाची सांगता कारंज्याजवळ संगीत आणि आतषबाजीने होते, तेव्हा संपूर्ण रस्ता माणसांनी भरून जातो. पाडलेले चार खांबही परतले आहेत. 2010 मध्ये मूळ जागेपासून थोड्या अंतरावर, कारंजं आणि वरचा राजवाडा यांच्या मधोमध, ते पुन्हा उभारण्यात आले. पूर्वीच्या जागेवर कारंजं आहे म्हणून त्यांना जरा सरकावं लागलं, आणि कारंजं हलवा असं कुणी म्हटलं नाही.

मग पाऊस रुसला. कातालोनियात सलग तीन वर्षं अवर्षण पडलं. 1 फेब्रुवारी 2024 ला धरणसाठा सोळा टक्क्यांखाली गेल्यावर बार्सिलोनात दुष्काळाची आणीबाणी जाहीर झाली. कारंजं त्याआधीच बंद ठेवलं होतं. जिथे तुषार उडायचा तिथे कोरडी कुंडं आणि तोट्यांच्या रांगा उघड्या पडल्या. रात्री लोक सवयीने पायऱ्यांवर येऊन बसत, खाली दिव्यांचा रस्ता पाहत.

कॅथेड्रलपुढे रविवारी पिशव्यांचा ढीग पडत होता. फ्लाबिओलवाला काडी उचलून थांबायचा, रिंगणातले हात वर जायचे आणि मग तो ढोलकं टिचकायचा.