खासगी फील्डची दुसरी वाट

जावात फील्डपुढे ‘प्रायव्हेट’ लिहिलं की क्लासबाहेरच्या कोडने तिला हात लावायचा नाही, हे सुरुवातीलाच शिकवतात. तरी हायबरनेटसारखी लायब्ररी डेटाबेसमधली ओळ उचलते आणि नेमक्या त्याच फील्डमध्ये किंमत भरते. त्या फील्डचं नावही तिला प्रोग्राम चालू झाल्यावरच कळतं. ही वाट जावाच्या आधीची आहे.

झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या केंद्रात घडलेल्या स्मॉलटॉक-८० मध्ये ऑब्जेक्टला आतल्या व्हेरिएबलचा क्रमांक सांगून किंमत वाचता येई, बदलताही येई. तिथला इन्स्पेक्टर, म्हणजे ऑब्जेक्टच्या आतल्या किमती दाखवणारं साधन, त्याच भाषेत लिहिलेला आणि चालत्या प्रोग्रामवरच वापरायचा; आत डोकावल्याशिवाय त्याचं भागणारच नव्हतं.

या सोयीमागचा खोल प्रश्न ब्रायन कँटवेल स्मिथ यांनी १९८२ साली एमआयटीतल्या पीएचडीच्या प्रबंधात मांडला: प्रोग्राम जगाचा हिशेब ठेवतो, तसा स्वतःचा ठेवू शकेल का? या क्षमतेलाच रिफ्लेक्शन म्हणतात. त्यासाठी त्यांनी ३-लिस्प ही भाषा रचली. त्यांची एक अट मला सगळ्यात मोलाची वाटते. प्रोग्रामजवळचं स्वतःचं वर्णन त्याच्या चालत्या स्थितीशी जोडलेलं हवं; वर्णनात फेरफार केला की वागणंही बदललं पाहिजे. म्हणजे रिफ्लेक्शनच्या मूळ कल्पनेतच वाचणं आणि बदलणं एकत्र नांदत होतं. १९८७ मध्ये पॅटी मेस यांनी हा विचार ऑब्जेक्टच्या भाषांत नीट बसवला.

जावात रिफ्लेक्शन १९९७ साली, १.१ आवृत्तीत आलं, पण ‘प्रायव्हेट’चा मान राखून. पुढच्याच वर्षी १.२ मध्ये ‘सेटॲक्सेसिबल’ आलं आणि कुंपण ओलांडायची मुभा मिळाली. लायब्ररी त्यावरच उभ्या राहिल्या. त्यांचा उपयोग खरा होता, पण क्लास लिहिणाऱ्याला विचारायची गरजच उरली नाही, हे मला आजही खटकतं.

२०१७ मध्ये जावा ९ ने मॉड्यूल, म्हणजे पॅकेजचे गट, आणले. रिफ्लेक्शनसाठी कोणतं पॅकेज उघडायचं, हे मॉड्यूल लिहिणाऱ्याने जाहीर करायचं. २०२१ मध्ये जावा १६ पासून जावाचं स्वतःचं अंतरंगही मुळातच बंद झालं. त्याच आवृत्तीत पक्क्या झालेल्या ‘रेकॉर्ड’ने, म्हणजे नुसता डेटा ठेवणाऱ्या क्लासच्या प्रकाराने, तर वाचणं आणि बदलणं वेगळंच केलं. रेकॉर्डच्या फील्डवर ‘सेटॲक्सेसिबल’ चाललं, तर वाचणारं ‘गेट’ किंमत देतं; बदलणारं ‘सेट’ मात्र एक्सेप्शन फेकतं.