आकाशचिन्ह : परवान्याच्या भाषेचा एक इतिहास

पुणे महानगरपालिकेत 'आकाशचिन्ह व परवाना विभाग' या नावाचे एक खाते आहे. संस्कृत ग्रंथांशी परिचय असलेल्या वाचकाला हे नाव ज्योतिषातले वाटावे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त केतू, उल्का, इंद्रधनुष्य यांवर स्वतंत्र अध्याय आहेत आणि आकाशातील चिन्हे वाचण्याची विद्या त्यांत सांगितली आहे. महापालिकेचे आकाशचिन्ह मात्र अगदी ऐहिक आहे. इमारतीच्या छतावर, गच्चीवर किंवा खांबांवर उभारलेला जाहिरातीचा फलक म्हणजे आकाशचिन्ह. त्यासाठी अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते आणि मुदत संपली की परवान्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. मराठीच्या अभ्यासकांनी प्रशासकीय परिभाषेकडे बहुधा उपहासाने पाहिले आहे. या शब्दाचा माग काढला तर त्या उपहासाचा पुनर्विचार करावा लागेल.

हा शब्द लंडनहून आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या शहरातील घरांच्या छपरांवर लोखंडी व लाकडी सांगाडे उभारून त्यांवर मोठमोठी अक्षरे बसवण्याची चाल पडली. ती अक्षरे वाऱ्याने कोसळतील, ही भीती होती. शहराची आकाशरेषा विद्रूप होते, ही तक्रारही होती. १८९१ साली ब्रिटिश संसदेने या 'स्काय साइन'विरुद्ध लंडनपुरता स्वतंत्र कायदा केला. त्यातील व्याख्येत खरी मेख आहे. शब्द, अक्षर, प्रतिकृती वा आकृती कोणत्याही रस्त्यावरील एखाद्या ठिकाणाहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसली, तर ती या कायद्याच्या कक्षेत येते. म्हणजे चिन्हाचे चिन्हपण त्याच्या मजकुराने ठरत नाही; वाचक कोठे उभा आहे आणि अक्षरांमागे काय आहे, यावर ते ठरते. वाचनमीमांसेच्या अभ्यासकाला ही व्याख्या ओळखीची वाटावी. ती एका मसुदालेखकाने वादळवाऱ्याच्या भयापोटी लिहिली, हे विशेष.

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ मधील कलम ३२८ आज ज्या रूपात आहे, त्यात ही व्याख्या जवळजवळ तशीच आढळते. जाहिरातीसाठी वापरलेले फुगे व हवाई छत्र्या तिच्यात येतात; ध्वजस्तंभ व वातकुक्कुट जाहिरातीसाठी वापरले नसतील तर वगळले आहेत. आयुक्तांची लेखी परवानगी हवी. ती देताना वा तिचे नूतनीकरण करताना मुदत दोन वर्षांपेक्षा अधिक असू नये. चित्रपट व नाटकांच्या भित्तिचित्रांसाठी सभ्यता आणि नीती यांची पूर्वतपासणी आवश्यक मानली आहे, हा मागाहून पडलेला देशी ठिगळ. यानंतर परवानगी कशाने रद्दबातल होते, याची यादी येते. आकाशचिन्हात भर घातली, ते वा त्याचा काही भाग बदलला, अपघाताने, जीर्णतेने वा अन्य कारणाने ते पडले, किंवा ज्या इमारतीवर ते आहे ती पाडली गेली, तर परवानगी संपते. भर घालण्याला अपवाद एकच : अभियंत्याच्या सूचनेनुसार मजबुतीसाठी केलेली भर.

परवानगी मरावी यासाठी इतके मार्ग मोकळे ठेवण्याचे कारण मूळ कायद्यात सापडते. लंडनने नव्या आकाशचिन्हांवर बंदीच घातली होती. जी आधीपासून उभी होती, तेवढ्यांनाच मुदतबंद परवाने होते. ती बदलू नयेत, वाढू नयेत, पडली तर पुन्हा उभी राहू नयेत, अशी ती योजना होती. नूतनीकरण म्हणजे मरणासन्नाला दिलेली मुदतवाढ. मुंबईत तीच वाक्ये आली, पण त्यांमागची बंदी आली नाही. नव्या चिन्हालाही परवानगी मिळू लागली आणि विझवण्यासाठी रचलेली कलमे महसुलाच्या चक्राला जुंपली गेली. अनुवादात शब्द टिकून हेतू हरवल्याची उदाहरणे साहित्याच्या इतिहासात पुष्कळ आहेत. कायद्याच्या इतिहासातील हे उदाहरण त्यांच्या पंक्तीला बसावे.

याच यादीचा दुसरा पाठ उत्तरेत मिळतो. १९५७ चा दिल्ली महानगरपालिकेचा आणि १९५९ चा उत्तर प्रदेशाचा कायदा जाहिरातीच्या परवानगीबाबत याच वळणाने जातात. मात्र तेथे कोणताही बदल घातक ठरत नाही, 'महत्त्वाचा' बदल ठरतो. मुंबईच्या पाठात अपघाताने पडलेले चिन्हही परवाना गमावते, तर उत्तरेच्या पाठात अपघात क्षम्य आहे. हस्तलिखितांच्या संपादकाला असे पाठभेद क्षुल्लक वाटणार नाहीत. एकीकडे वस्तूचे अखंडत्व जपले आहे; दुसरीकडे अर्थाचा विचार करण्याची मुभा अधिकाऱ्याला दिली आहे.

गंगेच्या उजव्या तीरावरील रामनगर वाराणसी महानगरपालिकेत विलीन झाल्यावर तेथील फलकांनाही हा उत्तरेचा पाठ लागू झाला. फलकांच्या संदर्भात रामनगर हे विलक्षण गाव आहे. काशीनरेशांच्या आश्रयाने चालत आलेली तेथील रामलीला ३१ दिवस चालते आणि तिच्यासाठी गावभर अयोध्या, जनकपूर, अशोकवाटिका, लंका अशा जागा नेमलेल्या आहेत. पंचवटीही तेथे आहे. नाशिकच्या वाचकाला याचे कौतुक वाटावे. ध्वनिवर्धक आणि विजेचे दिवे या लीलेत वर्ज्य आहेत. प्रेक्षक पात्रांमागून एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी चालत जातात आणि कोणत्या मैदानाला काय म्हणायचे, ते पाटीवाचून जाणतात. हिंदू विश्वविद्यालयाच्या सिंहद्वाराबाहेरच्या वस्तीचे 'लंका' हे नावही रामलीलेतूनच आले आहे. ज्या नावांना परवाना लागत नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

काशीत सार्वजनिक लिपीसाठी मात्र परवानगीचा लढा द्यावा लागला. नागरी प्रचारिणी सभा १८९३ मध्ये येथे स्थापन झाली आणि १८ एप्रिल १९०० च्या सरकारी आदेशाने पश्चिमोत्तर प्रांत व अवधच्या कचेऱ्यांत नागरीला फारसी लिपीच्या बरोबरीने प्रवेश मिळाला. या शहराच्या लिखित हिंदीत मराठी माणसांचा हात आहे. १८४५ च्या 'बनारस अखबार'चे संपादक गोविंद रघुनाथ थत्ते होते, आणि 'आज'चे संपादक बाबूराव विष्णू पराडकर यांनी हिंदी वृत्तपत्रांची परिभाषा घडवली. इकडे शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'पासून बडोद्याच्या १९३१ च्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू'पर्यंत मराठीत राज्यकारभाराचे शब्द जाणीवपूर्वक घडवले गेले होते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने तीच वाट पुढे नेली. 'आकाशचिन्ह' हा शब्द त्या परंपरेचा वारस आहे आणि मूळ शब्दापेक्षा देखणा आहे. व्यवहारात मात्र लोक 'होर्डिंग'च म्हणतात. आकाशचिन्ह अर्जाच्या डोक्यावर राहते.

शब्द देखणा असला तरी भय खोटे नव्हते. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगर भागात वादळात एक फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचा मृत्यू झाला. तो सुमारे १२० फूट लांब व तितकाच उंच होता. महापालिकेची मर्यादा ४० फूट बाय ४० फुटांची होती. जमीन लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील, परवानगी त्यांच्या कार्यालयाची, आणि महापालिकेचे म्हणणे असे की आपली परवानगी घेतलेलीच नव्हती. लेखी परवानगी कोणाची, हा कलम ३२८ चा पहिलाच प्रश्न १७ मृत्यूंनंतर विचारला गेला.

कोसळण्याचा कायदा एका बाजूला, अक्षरांचा कायदा दुसऱ्या बाजूला. महाराष्ट्राने मार्च २०२२ मध्ये दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारसंख्या कितीही असो, प्रत्येक दुकानाचा नामफलक देवनागरी लिपीत मराठीतून असणे बंधनकारक केले. अन्य भाषेतील अक्षरे मराठीपेक्षा मोठी नसावीत, असेही ठरवले. त्याआधीच्या नियमाला व्यापाऱ्यांच्या संघटनेने दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेब्रुवारीत २५ हजार रुपयांच्या खर्चासह फेटाळले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलण्यास दोन महिने दिले. आता एखाद्या दुकानाची पाटी छतावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर असेल, तर एक कायदा बदल करायला सांगतो आणि दुसऱ्याच्या शब्दार्थाने तोच बदल परवाना संपवतो. उत्तरेच्या पाठाने विचार केला तर प्रश्न आणखी नाजूक होतो : नाव तेच, उच्चार तोच, केवळ लिपी बदलली, तर तो 'महत्त्वाचा' बदल आहे काय? लिप्यंतर करणाऱ्या प्रत्येक संपादकाने हा प्रश्न स्वतःला विचारलेला असतो.

अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूतही नाव होते. ते काढावे, कारभाराची भाषा केवळ मराठी आहे, अशी मागणी नगरपरिषदेच्या एका माजी सदस्येने केली. उर्दूचा वापर १९५६ पासून चालत आला आहे आणि तेथील पुष्कळ रहिवाशांना ती भाषा कळते, अशी नगरपरिषदेची भूमिका होती. स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेविषयीचा २०२२ चा कायदा मराठी सक्तीची करतो, पण तिच्याशेजारी दुसरी भाषा लिहिण्याला मनाई करत नाही, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने लावला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया व न्या. के. विनोद चंद्रन यांच्या पीठाने तो कायम केला. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असे सांगून त्या निकालाने हिंदी-उर्दूच्या विभाजनाचा इतिहासही उलगडला. काशीच्या कचेऱ्यांतील १९०० चा वाद त्याच इतिहासातला. त्या वेळी फारसी लिपीच्या बाजूला नागरीसाठी जागा मागितली गेली होती. पातूरमध्ये नागरीच्या खालची फारसी अक्षरे जागेवर राहिली.