फौजदाराची बदली

गावात नवा फौजदार आला, की लोक दोन प्रश्न विचारतात: माणूस कसा आहे, आणि कोणाचा आहे? या दुसऱ्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

सत्तावनच्या उठावाची धग निवते न निवते तोच, १८६१ साली इंग्रजांनी पोलीस कायदा केला. पोलिसांवर देखरेख सरकारची, हे त्याचे मूळ सूत्र. आपल्या मुंबई इलाख्याचे कायदे निराळे होते; साचा मात्र तोच. १९३७ साली बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, कन्हैयालाल मुनशी गृहमंत्री झाले, आणि लोकांनी निवडलेल्या मंत्र्याच्या हाती येथे पोलीस आले. लगाम धरणारा हात बदलला. लगाम जुनाच राहिला. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातही ते सूत्र कायम होते.

राज्यघटनेने पोलीस हा विषय राज्यांकडे दिला. त्यामुळे दिल्लीने सल्ला द्यावा, नगरसेवकाने तक्रार करावी, आमदाराने शब्द टाकावा. खरी सत्ता राज्याच्या मंत्रिमंडळाची.

आणीबाणीत तुरुंग भोगलेले पुढारी १९७७ साली दिल्लीत सत्तेवर आले. पोलिसांचा गैरवापर म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. त्याच वर्षी त्यांनी धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. १९७९ ते १९८१ या काळात आयोगाने आठ अहवाल दिले. पण तोवर दिल्लीतले सरकार पालटले होते, आणि हातातली सत्ता आपण होऊन सैल करण्याची घाई राज्यांना नव्हती.

अखेर प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, निकाल लागला: राज्य सुरक्षा आयोग नेमा, महत्त्वाच्या पदांना किमान दोन वर्षांची मुदत द्या, बदल्यांसाठी पोलीस अधिकाऱ्यांचेच मंडळ करा. महाराष्ट्राने २०१४ साली तसा कायदा केला. मुदत दिली, मंडळेही नेमली. परंतु अपवादाच्या प्रसंगी, मुदत संपण्यापूर्वीच वरिष्ठ अधिकाऱ्यांना हलविण्याचा अधिकार मुख्यमंत्री आणि गृहमंत्री यांच्याकडे ठेवला.

मंत्र्याने पोलिसांना जाब विचारू नये, असे कोण म्हणेल? तो तर लोकशाहीचा प्राणच. पण जाब विचारणे वेगळे आणि बदलीचा धाक दाखविणे वेगळे. हा भेद सत्तेबाहेर असताना प्रत्येकाला उमगतो. सत्तेत बसल्यावर तो ज्याच्या ध्यानी राहील, तोच खरी सुधारणा करील. तोवर गाव विचारीतच राहणार: फौजदार कोणाचा?